पाचक आणि मात्रा

भरपेट जेवण झाल्यावर चिमूटभर चूर्ण तोंडांत टाकण्याची चाल आपल्या घरोघरीं इतकी रुळलेली आहे कीं, तींत विचार करण्याजोगें कांहीं असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. लग्नाच्या पंगतींतून उठलेला गृहस्थ ओवा-सैंधवाची चिमूट मागतो, प्रवासाला निघालेली आजी हिंग्वाष्टकाची डबी पिशवींत आठवणीनें ठेवते, आणि आमच्या वैजापुरासारख्या तालुक्याच्या गांवींहि किराणा दुकानदार आतां पाचक मसाल्याची तयार पुडी पुढें करतो. या साध्या चालीच्या पोटांत मात्र नीतिशास्त्राचा एक जुना व अवघड प्रश्न दडलेला आहे. जो दोष आपल्या हातून टळण्यासारखा आहे, त्याचे परिणाम नाहींसे करणारा उपाय जवळ बाळगणें हें शहाणपण, कीं त्या दोषाला दिलेलें अभय? अधिक खाल्ल्यानें पोट जड होतें हें ज्याला ठाऊक आहे, त्यानें कमी खावें, कीं चूर्ण घेऊन उद्यां पुन्हां तितकेंच खावें? प्रश्न पोटाचा दिसतो. परंतु प्रायश्चित्ताच्या भरंवशावर पाप करणारा आणि माफीच्या आशेवर कर्ज काढणारा हे दोघेहि याच प्रश्नाच्या कक्षेंत येतात.

विवेचनाच्या सोयीसाठीं सर्वांच्या ओळखीचें असें हिंग्वाष्टकच घेऊं. सुंठ, मिरीं, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरें, शहाजिरें आणि हिंग हीं तीं आठ द्रव्यें. अजमोदेच्या जागीं आपल्याकडे बहुधा ओवा घालतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत गुल्माच्या चिकित्सेंत हा योग आला आहे, आणि तो जेवणाच्या पहिल्या घासांत तुपाबरोबर कालवून घ्यावा असा प्रघात आहे. ही घेण्याची वेळ वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याकडे आम्हांस पुढें पुन्हां यावयाचें आहे. या आठांतील एकहि द्रव्य औषधाच्या कपाटांत शोधावें लागत नाहीं. सर्व स्वयंपाकघरांतच असतात. आणि त्यांतला हिंग तर दूर देशींचा पाहुणा. तो पिढ्यान् पिढ्या अफगाणिस्तान व मध्य आशिया येथून येत राहिला, आणि या देशांत त्याच्या लागवडीचा पद्धतशीर प्रयत्न हिमाचल प्रदेशांतील लाहौल खोऱ्यांत २०२० सालीं सुरू झाला. तरीहि सोंवळ्यांतल्या स्वयंपाकालाहि त्याच्यावांचून चालत नाहीं.

आपल्या स्वयंपाकघरानें अन्न व औषध यांच्यामध्यें भिंत अशी कधीं उभारलीच नाहीं. मराठवाड्यांतल्या घरीं धान्यें व डाळी भाजून, त्यांत धने, जिरें व इतर मसाले मिळवून येसर दळून ठेवतात; त्याची आमटी ही जेवणाची हौस आणि आजारांतून उठलेल्याचें पथ्य अशी दोन्ही कामें करते. गुढीपाडव्याला कडुनिंबाच्या पाल्याबरोबर ओवा, हिंग, मिरीं, मीठ व गूळ वाटून खातात. रामनवमीला सुंठवडा हा प्रसाद म्हणून हातावर पडतो. बाळंतिणीच्या विड्यांत बाळंतशेपा आणि ओवा असतात. यांपैकीं देवाचें किती, जिभेचें किती आणि वैद्याचें किती, असा हिशेब कोणत्याहि गृहिणीनें मांडलेला नाहीं. कायद्याला मात्र तो मांडावा लागतो. २०२२ सालीं अन्नसुरक्षा प्राधिकरणानें ‘आयुर्वेद आहार’ या नांवाचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण करून प्राचीन ग्रंथांतील कृतींवर आधारलेलें अन्न एका बाजूस आणि आयुर्वेदीय औषध दुसऱ्या बाजूस अशी रेषा आंखली. विक्रीच्या मालाला अशी रेषा हवीच. परंतु आमचा प्रश्न त्या रेषेनें सुटत नाहीं, कारण तो खाणाऱ्याच्या हेतूविषयीं आहे, आणि हेतु पुडीवर छापतां येत नाहीं.

पाश्चात्य तत्त्वज्ञांपैकीं प्लेटोनें या प्रश्नाला अतिशय कठोर उत्तर दिलें आहे. ‘गॉर्जियस’ नामक संवादांत सॉक्रेटिसाचें म्हणणें असें कीं, वैद्यक ही खरी कला, आणि पाकक्रिया ही तिचें सोंग घेणारी खुशामत. कारण वैद्य शरीराचें हित पाहतो व आचारी जिभेचें सुख. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या पुस्तकांत तर, आळसानें व खाण्यापिण्याच्या चैनीनें पोटांत वारा सांचवून घेऊन वैद्यांना त्या विकारासाठीं नवीं नांवें शोधावयास लावणाऱ्या लोकांची त्यानें उघड थट्टा केली आहे. त्याच्या उलट तो एका सुताराचें उदाहरण देतो. सुतार आजारी पडला तर एखादें रेचक घेऊन मोकळा होतो. लांबलचक पथ्य सांगितलें तर, मला आजारी राहण्यास सवड नाहीं, असें म्हणून कामाला लागतो. आपल्याकडेहि या पक्षाला आधार कमी नाहींत. गीतेच्या सहाव्या अध्यायांत युक्त आहाराची महती आहे, आणि सतराव्यांत तिखट, खारट व दाहक अन्न राजस लोकांच्या आवडीचें म्हणून गणलें आहे. महात्मा गांधींच्या आश्रमांतील एकादश व्रतांत अस्वाद हें एक स्वतंत्र व्रत होतें. आणि १९४२ सालीं आगाखान पॅलेसमध्यें नजरकैदेंत असतांना त्यांनीं आरोग्यावर जी पुस्तिका लिहावयास घेतली तींत मिरचीपासून हिंगापर्यंत सर्व मसाल्यांना निरोगी शरीराच्या दृष्टीनें अनावश्यक ठरविलें आहे.

या पक्षांत तथ्य आहे हें कबूल केलें पाहिजे. उपाय हाताशीं असला कीं मनुष्याचा संयम सैल होतो, हें पाहण्यासाठीं फार लांब जावयास नको. कांदा पिकविणाऱ्या आमच्या तालुक्यांत कांदेनवमीचा दिवस पाहावा. चातुर्मासांत कांदा, लसूण व वांगीं वर्ज्य करावयाचीं म्हणून आषाढ शुद्ध नवमीला तीं इतक्या उत्साहानें खाल्लीं जातात कीं, चार महिन्यांचा त्याग एका दिवशींच वसूल करून घेतला कीं काय असें वाटावें! व्रताच्या तोंडावर चूर्णाची डबी उघडावी लागते, यांतला विनोद सर्वांनाच कळतो, आणि कळूनहि कोणी थांबत नाहीं. वास्तविक चरकानें ऋतुचर्येंत सांगितल्याप्रमाणें जठराग्नि हेमंतांत बलवान् व वर्षाकाळीं दुर्बळ असतो. पावसाळ्यांत हलकें व थोडें खाण्याच्या व्रतामागें शरीराचें हितहि आहे. परंतु व्रत पाळून त्याचा हेतु हरविण्याची हातोटी आम्हां लोकांस चांगलीच साधलेली आहे.

असें असूनहि प्लेटोचा निकाल आम्हांस जसाच्या तसा मान्य करवत नाहीं. त्याचें पहिलें कारण असें कीं, अपचन म्हणजे अतिभोजनाची शिक्षा, हें त्या पक्षानें गृहीत धरलें आहे. आणि तें खरें नाहीं. आयुर्वेदानें अग्नीचे चार प्रकार सांगितले आहेत: सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. यांतील भेद कांहीं अंशीं प्रकृतीमुळें, कांहीं वयामुळें व कांहीं ऋतूमुळें पडतो. त्यांत अपराधाचा प्रश्न येत नाहीं. चरकानें विमानस्थानांत तर याहूनहि मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. हितकर अन्न योग्य प्रमाणांत खाल्लें, तरीहि चिंता, शोक, भय, क्रोध, अवघडलेली शय्या व जागरण यांनीं तें पचत नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. हे शब्द वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें अतिभोजन करणारा गृहस्थ येत नाहीं. विजेचा पुरवठा रात्रीं म्हणून रात्रीं उठून पिकाला पाणी देणारा शेतकरी येतो. हप्त्याच्या काळजीनें घास घोळविणारा माणूस येतो. आणि सर्वांत आधीं, सर्वांचीं ताटें वाढून, उरलेलें व निवालेलें अन्न दुपारीं तीन वाजतां घाईनें खाणारी घरची बाई येते. सर्वांच्या पोटाची चिंता वाहून चूर्ण कुटून ठेवणारी तीच, आणि जिच्या जेवणाला वेळ नाहीं व माप नाहीं तीहि तीच. तिला संयमाचा उपदेश करणें हें नीतीचें काम नसून नीतीची विटंबना आहे. खुद्द गांधीजींनींहि, ज्यांची पचनशक्ति क्षीण झाली असेल त्यांनीं मसाले कांहीं काळ औषध म्हणून घ्यावेत, एवढी मोकळीक त्याच पुस्तिकेंत ठेविली आहे.

दुसरें कारण याहूनहि महत्त्वाचें आहे. संयमाचे पुरस्कर्ते बहुधा एकाच दिशेनें बोलतात: कमी करा, सोडा, टाळा. आयुर्वेदाची दृष्टि अशी एकांगी नाहीं. चरकाच्या मतें आहार मात्रेबाहेर जाण्याच्या दोन रीति आहेत, एक अधिक व दुसरी हीन; आणि हीनमात्रेनें बळ, वर्ण व पुष्टि यांचा क्षय होतो असें त्यानें तितक्याच गांभीर्यानें सांगितलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत याच मराठवाड्यांत माणसें खडी फोडीत होतीं, सुकडीवर दिवस काढीत होतीं, आणि परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खात होतीं. त्या सालीं पाचकाची गरज किती जणांना पडली असेल? मंदाग्नि ही कांहीं अंशीं भरल्या घराची तक्रार आहे, आणि ज्या समाजांत एका घरीं अधिक मात्रा व शेजारीं हीन मात्रा नांदते, त्या समाजाचें आरोग्य कोणत्याहि चूर्णानें सम होणार नाहीं. म्हणून मात्रेचा विचार करतांना तो आपल्याच ताटापुरता करून भागत नाहीं.

मात्रा ही सर्वांना सारखी नसते, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. अॅरिस्टॉटलनें सद्गुण म्हणजे मध्यम असें म्हटलें, तेव्हां तो मध्यम गणिती नव्हे हें समजाविण्यासाठीं त्यानें अन्नाचेंच उदाहरण घेतलें. दहा मापें अन्न फार व दोन मापें थोडें, म्हणून व्यायामशिक्षक प्रत्येकाला सहाच मापें सांगत नाहीं. मायलो नामक मल्लाला तीं अपुरीं पडतील आणि नवशिक्याला अधिक होतील. चरकहि मात्रा ठरवितांना खाणाऱ्याच्या अग्निबलाकडे बोट दाखवितो. परस्परांची ओळख नसलेल्या दोन परंपरा येथें एकाच ठिकाणीं येऊन पोंचल्या आहेत, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. समता म्हणजे कोठें तरी आंखून ठेवलेली रेघ नव्हे. ती ज्याची त्यानें, रोज, स्वतःकडे पाहून शोधावयाची असते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. उपाय हा दोषाला अभय केव्हां ठरतो आणि साहाय्य केव्हां? आमच्या मतें याचें उत्तर आयुर्वेदांतील प्रज्ञापराध या कल्पनेंत सांपडतें. धी, धृति आणि स्मृति यांचा भ्रंश झाला म्हणजे मनुष्य जें अशुभ कर्म करतो तो प्रज्ञापराध, आणि तो अनेक रोगांचें मूळ, असें चरक शारीरस्थानांत सांगतो. पानांत वाढलेली चौथी पोळी आपणांस सोसणार नाहीं हें ओळखणें धीचें काम. ओळखून हात आंखडणें धृतीचें. आणि गेल्या वेळीं काय झालें होतें तें आठवणें स्मृतीचें. या तिघींपैकीं स्मृति ही सर्वांत दुबळी. तिचा आधार म्हणजे झालेला त्रास. जो उपाय त्रास इतक्या झटपट पुसून टाकतो कीं स्मृतीच्या हातीं कांहीं उरतच नाहीं, तो पोट बरें करून प्रज्ञा आजारी पाडतो. उलट जो उपाय शरीराला आधार देऊन या तिघींना जागें ठेवतो, तो निर्दोष होय. उपायाची नैतिक कसोटी ती ही. तो घेतल्यावर मनुष्य आपल्या मात्रेविषयीं अधिक जाणता होतो कीं अधिक बेफिकीर, एवढेंच पाहावें.

हिंग्वाष्टक पहिल्या घासांत घेण्याच्या प्रघाताचें महत्त्व येथें कळतें. शास्त्रकारांच्या मनांत हा नीत्यर्थ होता असा आमचा दावा नाहीं. त्यांची दृष्टि अग्नि आधीं प्रदीप्त करण्याची. परंतु जेवणाच्या आरंभीं जो चूर्ण कालवितो त्याला, आपला अग्नि मंद आहे, ही गोष्ट ताट भरण्यापूर्वीं स्वतःशीं मान्य करावी लागते. तो जेवावयास बसतो तोच सावध होऊन. जेवण संपल्यावर चूर्ण मागणारा मात्र झालेल्या गोष्टीवर पांघरूण घालीत असतो. द्रव्य तेंच, मात्रा तीच. एक जण पुढें पाहतो व दुसरा मागचें पुसतो.

शास्त्रानें आपल्याच औषधांना लगाम घातला आहे, हीहि गोष्ट विसरतां कामा नये. पिंपळी, क्षार आणि लवण यांचा अतिवापर करूं नये असें चरकानें विमानस्थानांत बजावलें आहे, आणि पाचकांत पिंपळी व मीठ हीं दोन्ही नित्य असतात. पिंपळी व मिरीं यांतील पायपेरीन नामक द्रव्य दुसऱ्या द्रव्यांचें शोषण किती वाढवितें याचा प्रत्यय आधुनिक प्रयोगांनींहि आला आहे. १९९८ सालीं बंगळूरच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन ग्रॅम कर्क्युमिनाबरोबर वीस मिलिग्रॅम पायपेरीन दिलें असतां मनुष्याच्या शरीरांतील कर्क्युमिनाचें शोषण अनेक पटींनीं वाढलेलें आढळलें. जी वस्तु हळदीचें शोषण वाढविते ती घेतलेल्या इतर औषधांचेंहि वाढवूं शकते. सबब ज्यांचीं औषधें चालू आहेत त्यांनीं असलीं चूर्णें वैद्याला किंवा डॉक्टरला विचारूनच घ्यावींत. तसेंच जें पोट वारंवार दुखतें, किंवा ज्यासोबत वजन घटतें अथवा रक्त पडतें, तें चूर्णानें दडपून ठेवणें हा धीचाच भ्रंश होय. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, हा समज जितका सुखाचा तितकाच घातक आहे.

तयार पुडीविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. सांप्रत ‘संतुलन’ हा शब्द पुड्यांवर व डब्यांवर सर्रास दिसतो. संतुलन विकत मिळतें ही कल्पनाच मुळांत चुकीची आहे. विकत मिळतात तीं द्रव्यें. पुडीला खाणाऱ्याचें वय ठाऊक नसतें, ऋतु ठाऊक नसतो, आणि काल रात्रीं तो झोंपला होता कीं नाहीं हेंहि ठाऊक नसतें. घरांत कुटलेल्या चूर्णामागें हें सर्व ज्ञान असे. परंतु त्या काळाचे गोडवे गाण्याचीहि आमची इच्छा नाहीं. तें ज्ञान राखण्याचा सर्व भार स्त्रियांवर होता; खलबत्ता त्यांच्याच हातीं असे, आणि त्या श्रमाची गणना कोणी करीत नसे. पुडीनें तो वेळ त्यांना परत मिळत असेल तर त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. कुटण्याचें काम यंत्राकडे गेलें तरी चालेल; ओळखण्याचें काम मात्र कोणाकडे तरी राहिलें पाहिजे, आणि तें घरांतील एकाच व्यक्तीकडे राहूं नये. नाशिकास १९०७ सालीं आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणारे शंकर दाजीशास्त्री पदे यांनीं ‘आर्यभिषक्’सारखा ग्रंथ मराठींत लिहून वनस्पतींचें ज्ञान सामान्य वाचकाच्या हातीं दिलें, तें त्यानें वैद्य व्हावें म्हणून नव्हे, तर जाणता व्हावें म्हणून, असें आम्ही समजतों. आज तीच अपेक्षा घरांतल्या पुरुषांकडून व मुलांकडून करावयास हरकत नाहीं. ओवा केव्हां व सुंठ केव्हां, हें ज्याला कळतें आणि आपली बायको वा आई आज कितीला जेवली हें ज्याला माहीत असतें, त्याच्या घरीं पुडी आली तरी बिघडत नाहीं.

शेवटीं यजमानाचाहि विचार करावा. आपल्या समाजांत पुष्कळसें अतिभोजन हांवरेपणानें होत नाहीं, आग्रहानें होतें. पाहुण्यानें नको म्हणावें, यजमानानें वाढावें, आणि उरलेलें टाकवत नाहीं म्हणून पाहुण्यानें तें संपवावें, या क्रमांत प्रेम आहे, अभिमान आहे, आणि थोडासा जुलूमहि आहे. अशा ठिकाणीं दोष एकट्या खाणाऱ्याचा नसतो, म्हणून संयमहि एकट्याचा असून पुरत नाहीं. पाहुण्याचें ‘पुरे’ हें खरें मानणें आणि घरच्या सुनेला पहिल्या पंगतीला बसविणें, या दोन गोष्टी पाचकाइतक्याच पथ्यकर आहेत, आणि त्यांना खर्चहि कांहीं नाहीं.

तात्पर्य, चूर्णाची डबी घरांत असावी. ती फेंकून देण्यानें कोणी संयमी होत नाहीं, आणि ती जवळ ठेवल्यानें कोणी पापी ठरत नाहीं. मात्र ती उघडतांना, हा मंद अग्नि कशानें झाला, वयानें, ऋतूनें, काळजीनें, कीं आपल्याच हातानें, एवढें स्वतःला विचारावें. पहिल्या तिघांचें उत्तर आलें तर निःशंकपणें घ्यावें, आणि ती काळजी दुसऱ्या कोणाची असेल तर ती हलकी करण्याचेंहि पाहावें. उत्तर चौथें आलें तर त्या वेळेपुरतें चूर्ण घ्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं पान वाढून घेतांना तें उत्तर आठवावें.